चाकांची चूल

आमच्याकडे पौषातली थंडी फार नसते. नाशिककडचे ट्रकवाले पडघ्याला चहाला उतरतात, तेव्हा आमच्या शाली बघून हसतात. पण भात झोडून झालं, पेंढ्याच्या उडव्या रचून झाल्या की एका सकाळी दाराची कडी हाताला गार लागते आणि मला कोळशाचा वास येतो. आता गावात कोळसा कोणी जाळत नाही. तरी वास येतो, आणि मी मुद्दाम दोन घटका उंबऱ्यात उभी राहते. कोणाचा आंब्याचा हंगाम असतो, कोणाचा लग्नाचा. माझा गाडीचा आहे.

आमच्या खळ्यावर आज गोदाम उभं आहे. त्याच्या दाराशी कंटेनर मागे घेताना माणूस ओरडतो, आने दे, आने दे. तिथेच, त्या दाराच्या थोडं अलीकडे, आमचा रूळ वळायचा. खळं चोपून शेणानं सारवलेलं, भात घरात गेलेलं, बाजूच्या खाचरात नुसती वाळलेली धसकटं. मार्गशीर्ष संपला की रूळ घालायचा आणि शिमग्याआधी काढायचा. लोखंडी पट्ट्या उभ्या करून लाकडात बसवलेल्या होत्या. खळ्याला वळसा घालून रूळ खाचरात उतरायचा आणि चिंचेखालून परत यायचा.

त्या रुळावरून आमची गाडी चालायची. गाडी म्हणजे आगगाडीचं इंजिन, पण गुडघ्याएवढं उंच. त्याला खेळणं म्हटलेलं मला अजून आवडत नाही. त्यात खरा कोळसा जळायचा, खरं पाणी उकळायचं, खऱ्या वाफेनं चाकं फिरायची. मागे बसकी ट्रॉली. तिच्यावर घोड्यावर बसतात तसं दोन्हीकडे पाय टाकून बसायचं आणि हात पुढे करून भट्टीत कोळसा घालायचा. तीन मोठी माणसं आणि भाताची पोती ती सहज ओढायची. पहिल्यांदा बघणारा माणूस आधी हसायचा, मग ओझं बघून वाकून चाकं न्याहाळायचा.

हा नाद आमच्या घरात लतीफसेठनी आणला. लतीफसेठ मूळचे किनाऱ्याकडचे. तरुणपणी बोटीवर होते, इंजिनाच्या खोलीत. नंतर भिवंडीत येऊन त्यांनी माग टाकले. विलायतेत कुठल्याशा बंदराजवळच्या बागेत त्यांनी म्हातारी माणसं अशी लहान इंजिनं चालवताना पाहिली होती, आणि येताना नकाशे घेऊन आले होते. ते नकाशे वर्षानुवर्षं ट्रंकेत पडून होते. आमचे हे तेव्हा मागाचे सुटे भाग करायच्या कारखान्यात लेथवर. लतीफसेठच्या मागाचा कसलासा दांडा तुटला, तो यांनी करून दिला. दांडा बघून लतीफसेठ म्हणाले की तुझा हात असा आहे तर तू माग दुरुस्त करण्यात का मरतोस. त्यानंतर दोघांची रविवारची सुट्टी घरी कधी दिसली नाही. लतीफसेठनी आपलं इंजिन केलं, यांनी आमचं.

आमच्या इंजिनाचा बॉयलर माझ्या बंबाचा आहे. हे सांगताना मला अजून जरा ताठ बसावंसं वाटतं.

माझं माहेर अकलोलीचं. तिथे गरम पाण्याची कुंडं आहेत. लहानपणी आम्हाला पाणी तापवायचं असतं हेच ठाऊक नव्हतं. थंडीत कुंडावर जायचं, अंग शेकून निघायचं, केसांना गंधकाचा वास घेऊन शाळेत जायचं. लग्न ठरलं तेव्हा वडिलांना एवढीच काळजी लागली की हिला सासरी पाणी कोण देणार. म्हणून त्यांनी तांब्याचा बंब दिला. मधोमध नळी, नळीत कोळसा, भोवती पाणी. आमच्या सासऱ्यांना, आबांना, त्या बंबाचा लळा लागला. घरात बंब येईपर्यंत ते विहिरीवरच आंघोळ करायचे. बंब आल्यावर मात्र पहिलं पाणी त्यांचं. खांद्यावर पंचा टाकून ते बंबासमोर असे उभे राहायचे, जसा कोणी देवळात उभा राहतो.

पुढे बंबाचं पोट झिजलं, सांध्यातून पाणी गळायला लागलं. हे एका संध्याकाळी त्याच्यासमोर उकिडवे बसले होते. मला वाटलं बंब बघताहेत. ते बघत होते नळी. बोटांनी तिचं माप घेत होते. मग माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, काढा. चांगलं तांबं आहे, गळक्या बंबात कुजण्यापेक्षा चालू दे. सांध्यांना चांदीचा डाख लागतो म्हणाले, तेव्हा माझी मोडकी जोडवीही दिली. एवढं सगळं झालं, आणि आबांना विचारायचं दोघंही विसरलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा पंचा घेऊन आले. बंबाच्या मधोमध भोक, आरपार जमीन दिसतेय. ते खाली वाकले, त्या भोकातून त्यांनी बराच वेळ पाहिलं. मग विहिरीवर गेले. त्या दिवसापासून ते इंजिनाला चाकांची चूल म्हणायला लागले. मी चुलीवर पातेल्यात पाणी तापवून द्यायची. ते घ्यायचे आणि रोज म्हणायचे की नळीचं पाणी अंगाला लागतं, पातेल्याचं नुसतं अंगावरून वाहून जातं.

माणसांसमोर जायला मी फार भ्यायची. ओटीवर परका माणूस असला तर चहा आतून पुढे सरकवायची. लतीफसेठ वर्षभर आमच्याकडे येत होते, त्यांनी माझा फक्त हात पाहिला असेल. पण गाडीची चाचणी गोठ्यामागे व्हायची, आणि तिथे कोणी नसायचं. हे नटबोल्ट आवळत असायचे, मग आग मीच सांभाळायची. हळूहळू ते माझंच काम झालं.

यांचा हात लेथवर हलका, पण आगीवर जड. भूक लागलेल्याला वाढावा तसा कोळसा घालायचे. काळा धूर निघायचा, मग एकदम आग भडकायची, आणि बॉयलरवरच्या झडपेतून जादा वाफ फुसफुसत बाहेर पडायची. पुरुषांना तो आवाज फार आवडतो. माझ्या जिवाला तो लागायचा. दूध उतू जाताना लागतो तसा. ज्या पाण्यासाठी कोळसा जाळला ते पाणी आभाळात गेलं, गाडी तसूभर हलली नाही. मी कोळसा सुपारीएवढा फोडून घ्यायची आणि चिमटीनं घातल्यासारखा घालायची, जिथे आग पांढरी झाली असेल तिथेच. आग पातळ ठेवायची. वाफेच्या दाबाचा काटा लाल खुणेच्या खाली थरथरत राहिला पाहिजे, खुणेला टेकता कामा नये. बॉयलरला पाणी द्यायचं तर वळणावर, जिथे उतार आहे आणि वाफ कमी लागते. यातलं अर्धं मला सावंतकाकांनी शिकवलं. ते रेल्वेतून निवृत्त झालेले ड्रायव्हर, मनमाडकडे कोळशाची मोठी इंजिनं चालवलेली. कल्याणहून सायकलवर यायचे. मी गोठ्याच्या कुडाआड उभी असायची आणि ते कुडाकडे तोंड करून शिकवायचे. गाडीनं वेग घेतला की हा दांडा मागे घ्या, वहिनी, म्हणजे ती थोड्या वाफेत धावते. आम्ही एकमेकांना नीट पाहिलेलं नव्हतं, तरी ते माझे गुरू होते.

रॉकेल मिळत नव्हतं ते साल. डबे घेऊन बायका सकाळपासून रांगेत. त्या हंगामात लतीफसेठनी शर्यत काढली, आणि ती वेगाची नव्हती. विलायतेत अशीच करतात म्हणाले. ओझं सगळ्यांना सारखं, फेऱ्या सारख्या, कोळसा सारखा तोलून दिलेला. शेवटी ज्याच्या डब्यात जास्त कोळसा उरेल, तो जिंकला. ज्या गावात बायका अर्ध्या बाटलीवर आठवडा काढत होत्या, तिथे ही शर्यत कोणाला समजावून सांगावी लागली नाही. आमच्या शेजारणी म्हणाल्या की ही तर आम्ही रोजच लावतो.

ओझं म्हणून आमच्याच भाताची पोती ठरली. कोळसा लतीफसेठ एका सायझिंगच्या, म्हणजे सुताला कांजी लावायच्या कारखान्याच्या भट्टीवरून आणणार. सावंतकाका पंच. फेऱ्या मोजायला सुताच्या रिकाम्या कांड्या, एक फेरी झाली की एक कांडी खुंटीवर. हे सगळं ओटीवर ठरत होतं आणि आबा कोपऱ्यात सुपारी कातरत होते. रूळ घालायला खळं त्यांचं, म्हणून सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं.

आबा म्हणाले, "घाला रूळ. पन तुमची चूल लतीफच्या मागं पडली, तर नळी बंबात परत. मग मी कोनाचा आयकनार न्हाय."

हे हसले, कारण त्यांना ती थट्टा वाटली. मी आतून ऐकत होते, मी नाही हसले. आबा थट्टेतलाही शब्द फिरवत नसत. वर्षभराचं काम, तो डाख, ती चाकं, सगळं एका सकाळी कापून काढलं असतं त्यांनी, आणि मग शांतपणे आंघोळ केली असती. इंजिन जाईल म्हटल्यावर मला कळलं की ते माझं किती आहे.

शर्यतीच्या आदल्या दिवशी यांनी एकदा फेऱ्या मारून पाहिल्या आणि एकदा मी, गावातली माणसं बाजारात असताना. माझ्या डब्यात चांगला मूठभर कोळसा जास्त उरला. हे म्हणाले, उद्या तू बस. मी म्हटलं, एवढ्या माणसांत पाय टाकून बसायचं? ते म्हणाले, लावणीला चिखलात उतरतेस तेव्हा काष्टा खोचतेसच ना. मी नाहीच म्हटलं.

दुसऱ्या दिवशी खळ्याभोवती सगळं गाव. भिवंडीहून लतीफसेठचे मागावरचे कामगार रात्रपाळी करून, झोपायचं सोडून आलेले. लतीफसेठ आधी बसले. त्यांचं इंजिन काळं, तेल लावून चकचकीत, आणि ते स्वतः बोटीवर असल्यासारखे शांत. झडप एकदाच फुसफुसली. फेऱ्या पुऱ्या करून ते उठले तेव्हा सावंतकाकांनी त्यांचा उरलेला कोळसा फडक्यात बांधून ठेवला. गाठोडं बरंच फुगीर दिसत होतं.

मग आमची गाडी रुळावर ठेवली आणि आबा नारळ घेऊन आले. घरचं काम आहे, नारळाशिवाय कसं सुरू करायचं. कितीही चूल म्हटलं तरी ती घरची. त्यांनी हळदकुंकू लावलं, हात जोडले आणि रुळाच्या पट्टीवरच नारळ फोडला. पाणी त्यांनी दोन्ही रुळांवर वळणापर्यंत शिंपडलं. बायकांनी हात जोडले. मीही, दाराआडून.

हे ट्रॉलीवर बसले. एवढी माणसं बघून त्यांचा हात आणखी जड झाला. भसाभस कोळसा पडला. धुराड्यातून काळा लोट उठला आणि कामगारांपैकी कोणी म्हणालं, ये तो शुरू में ही खा गया. अजून पहिली फेरी सुरू व्हायची होती. मला ते भट्टीचं तोंड दिसत होतं, आत कोंडलेली आग दिसत होती, आणि आबांचा चेहरा दिसत होता.

मी कधी उंबरा ओलांडला ते आठवत नाही. काष्टा खोचलेला होता म्हणजे आधीच ठरलं असावं. मी त्यांच्याजवळ जाऊन म्हटलं, "उठा. मी बसते."

हे उठले. हातातलं फावडं पुसून माझ्या हातात दिलं. सावंतकाका म्हणाले की गाडी अजून हललेली नाही, कोण बसतं ते घरच्यांनी ठरवावं, पण जळला तो कोळसा जळला. मी बसले. आग मोकळी केली, धूर पांढरा होईपर्यंत थांबले आणि वाफ सोडली.

चाकं फिरली, गाडी जागची हलली नाही.

पुन्हा सोडली. चाकं गरगर फिरली, धुराड्यातून निखारे उडाले आणि गाडी तिथेच. नारळाचं पाणी. ते त्या पट्ट्यांवर साबणासारखं बसलं होतं. लोक हसायला लागले, मग हसू थांबलं, कारण सगळ्यांना एकदमच कळलं की कोणी काय केलंय. मी वाफ बंद केली आणि बसून राहिले. आयुष्यभर ज्याला भ्यायले तेच झालं होतं. भर माणसांत, सगळ्यांच्या मधोमध, अडकलेली. आणि मी बघत होते ते बॉयलरमधलं पाणी दाखवणाऱ्या काचेकडे. पाणी ठीक होतं, आग ठीक होती, काटा खुणेच्या खाली होता. बाकी माणसं होती तिथे होती.

आबा पुढे आले. खांद्यावरचा पंचा काढून ते रुळाशी गुडघ्यांवर बसले आणि पुसायला लागले. एक रूळ, मग दुसरा, वळणापर्यंत. पुसून झालं तरी बुळबुळीतपणा जाईना म्हणून चुलीतली राख मागवली आणि भांडी घासतात तसे रूळ घासले. कोणी मदतीला आलं तर हातानंच मागे सारायचे. तोवर भट्टीत आमचा कोळसा जळतच होता. लतीफसेठनी सावंतकाकांकडे पाहिलं. सावंतकाका म्हणाले, रूळ पुसायला हरकत नाही, रूळ कोणा एकाचा नाही.

त्यानंतर गाडी अशी चालली की काय सांगू. राखेवर चाकांनी पकड घेतली आणि पोती निघाली. मी दांडा मागे घेतला. धुराड्याचा आवाज हळू झाला, दळताना जात्याचा होतो तसा एकसारखा. चिंचेखाली सावली, खळ्यावर ऊन, सावली, ऊन. कांड्या खुंटीवर चढत होत्या, त्या मी बघितल्याच नाहीत. झडप एकदाही फुसफुसली नाही. एका फेरीला लतीफसेठचा आवाज आला, "भाभी, आराम से, जहाज आपका है." वर्षभरात त्यांनी माझ्याशी बोललेलं ते पहिलं वाक्य. मी मान हलवली. मला खरंच आराम वाटत होता. आज इतक्या वर्षांनी बँकेत, दवाखान्यात, मुलाच्या सासरच्या माणसांत कुठे उभी राहिले आणि मागे सरकावंसं वाटलं, की मी मनात काच आणि काटा बघते. पाणी ठीक आहे ना, आग ठीक आहे ना. मग बोलते.

शेवटी वाण्याचा तराजू आणला. वजनं घातलीच नाहीत. एका पारड्यात लतीफसेठचा उरलेला कोळसा, दुसऱ्यात आमचा. पारडी बराच वेळ वरखाली झाली. मग लतीफसेठचं खाली गेलं. फार नाही. दोन सुपाऱ्यांएवढे खडे असतील, पण गेलं.

 हे इंजिनाजवळ जाऊन उभे राहिले आणि बॉयलरवर हात ठेवला, भाजत असेल तरी. मी आबांकडे पाहिलं. लपून नाही, सरळ पाहिलं.

आबा तराजूकडे बघत होते. पंचा राखेनं काळा झालेला. म्हणाले, "मी बोललो व्हतो, गाडी मागं पडली तर. गाडी न्हाय पडली. गाडी मी पाडली. नळी ऱ्हाऊ दे तितंच."

चूल नव्हते म्हणाले, गाडी म्हणाले.

लतीफसेठ हसत पुढे आले आणि म्हणाले की आबा, तुमच्या नारळानं मला जिंकवलं, अर्धं खोबरं माझ्या घरी आलं पाहिजे. तेव्हा कुठे लोक मोकळे झाले. ते खोबरं सगळ्यांनी तिथेच खाल्लं. त्या वर्षापासून आमच्या घरी नारळ काम संपल्यावर फुटतो, आधी नाही. सुनेला सांगावं लागलं तेव्हा तिला नवल वाटलं. नव्या गाडीच्या पूजेलाही तिचा भाऊ नारळ घेऊन उभा, आणि मी म्हणतेय, आधी एक चक्कर मारून ये.

पुढे आणखी काही हंगाम रूळ पडला. दोनदा आम्ही जिंकलो, एकदा सावंतकाकांनी कल्याणहून आणलेलं इंजिन जिंकलं. त्या जिंकण्यांचं मला फारसं काही आठवत नाही. बंबाच्या रिकाम्या पोटात मी अळू लावलं, ते अजून दरवर्षी फुटतं. इंजिन ओटीवर आहे, चादरीखाली. तांबं मी चिंचेनं घासते, त्याला दुसऱ्याचा हात लागू देत नाही.

पण मला पुन्हा पुन्हा आठवते ती त्या दिवसाची दुपार. माणसं पांगली होती. भट्टीत थोडी आग होती, बॉयलरमध्ये थोडी वाफ. ती सोडून द्यायची, असंच करतात. यांनी झडपेला हात घातला आणि मी म्हटलं, थांबा. विहिरीचं पाणी बादलीत काढलं. यांच्याकडून पितळेची बारीक नळी घेतली, एक टोक झडपेला बसवलं आणि दुसरं बादलीत सोडलं. वाफ पाण्यात गुरगुरायला लागली. बादली कोमट झाली आणि आग संपत आली. तेवढ्यात लतीफसेठनी फडक्याची गाठ सोडली आणि आपला जिंकलेला कोळसा आमच्या डब्यात ओतला. आबांच्या आंघोळीला, म्हणाले.

मी तो थोडा थोडा करून घातला. बादलीतून वाफा निघायला लागल्या तेव्हा ती आबांसमोर ठेवली. त्यांचे गुडघे अजून राखेनं माखलेले होते. त्यांनी तांब्याभर पाणी गुडघ्यांवर ओतलं, डोळे मिटले, मग दुसरा तांब्या पाठीवर.

"नळीचाच हाय," म्हणाले. आणि जरा वेळानं, डोळे न उघडता, "पोरी, उद्या सकाळी पेटव गाडी."